पहिले थेंब वाया जाऊ नयेत

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत रक्तदाबाच्या गोळ्या तयार करणारी एक कंपनी आहे. तिचे नाव येथे देता येत नाही, कारण तशी परवानगी मागणारा अर्ज जनसंपर्क विभागाकडे गेलेला असून तो विभाग सध्या एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत हलवला जात आहे. या कंपनीच्या प्रयोगशाळेत गोळी विरघळवून, ते द्रावण गाळून, यंत्रात घालून तिच्यात औषध किती आहे ते पाहिले जाते. गाळण्यासाठी सिरिंज फिल्टर वापरतात. हा फिल्टर म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढी प्लॅस्टिकची चकती. तिच्या पोटात एक पातळ पडदा असतो. सिरिंजमध्ये द्रावण भरायचे, टोकाला चकती घट्ट बसवायची, दट्ट्या हलक्या हाताने दाबायचा आणि पलीकडून पडणारे पहिले काही थेंब टाकून द्यायचे, अशी रीत होती.

त्यामागे कारण होते. कोरा पडदा भुकेलेला असतो. द्रावण पहिल्यांदा त्याच्यातून जाते तेव्हा त्यातले थोडे औषध तो स्वतःला चिकटवून घेतो. त्याचे पोट भरले की पुढचे द्रावण तो जसेच्या तसे सोडतो. म्हणजे पहिले थेंब खोटी साक्ष देतात आणि नंतरचे खरी. प्रयोगशाळेचे प्रमुख सुरेंद्र टिपणीस यांना हे तंत्रनिकेतनात शिकवले गेले होते आणि त्यांनी ते आपल्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला शिकवले होते. "जेवायला बसताना पानाभोवती चित्राहुती घालतात ना, तशी ही पडद्याची चित्राहुती," ते नव्या मुलामुलींना सांगत. "ती घालायची आणि विसरून जायची. उचलून परत पानात घ्यायची नसते."

सुरेंद्ररावांना या थेंबांबद्दल जरा जास्त आस्था होती, त्याचेही कारण होते. पिंपळे गुरवला त्यांच्या घरी साधनाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, रोज सकाळी चहानंतर हीच गोळी घेत. गोळ्यांची पट्टी सुरेंद्रराव स्वतः आणत आणि टेबलावर ठेवताना दर वेळी म्हणत, "माझ्या हाताखालून गेलेली आहे." साधनाताईंचा रक्तदाब इतकी वर्षे एका जागी होता की डॉक्टर पट्टा बांधतानाच आकडा सांगत आणि मग यंत्राकडून त्याला दुजोरा घेत.

अशा सुरळीत चाललेल्या जगात केयूर रणदिवे यांची नेमणूक झाली.

केयूर हे उत्कृष्टता विभागाचे प्रमुख होते. कंपनीत उत्कृष्टतेसाठी वेगळा विभाग असल्यामुळे इतर विभागांवरची ती जबाबदारी आपोआप कमी झाली होती. पिंपरीपासून चाकणपर्यंत ज्या कारखान्यात जावे तिथे कायझेन नावाची एक चाल असते. कामात छोटीशी सुधारणा सुचवायची, 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो काढायचे आणि फलकावर लावायचे. प्रत्येक माणसाने दर महिन्याला निदान एक सुधारणा करावी, असा केयूर यांचा दंडक होता. ज्या जागी सुधारण्यासारखे काहीच नव्हते तिथे काहीतरी बिघडलेले असणारच, असे गृहीत धरून शोध घेतला जाई. या शोधासाठी समिती फेरीवर निघे. एका सकाळी ती फेरी प्रयोगशाळेत आली आणि केयूर यांची नजर टेबलावरच्या एका चंचुपात्रावर पडली.

"हे काय आहे, टिपणीस सर?"

"गाळलेल्या द्रावणाचे पहिले थेंब. टाकायचे आहेत."

"म्हणजे आपण हे गाळतो?"

"हो."

"आणि गाळून टाकून देतो?"

"पहिले थेंब, हो."

केयूर यांनी समितीकडे पाहिले. वाड्याच्या तळघरात सांगाडा सापडावा तशी त्यांची मुद्रा झाली होती. "सर, घरी तुम्ही चहा गाळता. पहिला कप मोरीत ओतता का?"

समिती मनापासून हसली. सुरेंद्ररावांनी पडद्याची भूक समजावून सांगायला सुरुवात केली. परंतु समितीला पुढे उपाहारगृहात चमच्यांची उधळपट्टी पाहायची होती, त्यामुळे पडदा अर्ध्यावरच राहिला.

पुढच्या आठवड्यात 'थेंब-बचत अभियाना'चे उद्घाटन झाले. फलकावर दोन फोटो लागले. 'आधी'च्या फोटोत भरलेले चंचुपात्र होते आणि दिवे मंद केले होते. 'नंतर'च्या फोटोत रिकामे चंचुपात्र होते आणि त्याच्या शेजारी सलोनी हसत उभी होती. सलोनी ही प्रयोगशाळेतली सगळ्यात धाकटी विश्लेषक. तिला हसण्याचे कारण सांगितले नव्हते, फक्त वेळ सांगितली होती. कारखान्याच्या प्रमुखांनी स्वतःच्या हाताने पहिला बचतीचा थेंब गाळावा, असे ठरले. त्यांनी सिरिंज हातात घेतली आणि सायकलच्या चाकात हवा भरावी त्या जोमाने दट्ट्या दाबला. आत कुठेतरी बारीक आवाज झाला आणि द्रावण धो धो बाहेर आले.

"सर, पडदा फाटला," सलोनी सुरेंद्ररावांच्या कानाशी पुटपुटली.

"टाळ्या वाजव," सुरेंद्रराव म्हणाले.

गाळण्याचा वेग वाढल्याबद्दल प्रमुखांनी समाधान व्यक्त केले. अभियानाचे गटप्रमुख म्हणून सुरेंद्ररावांचे नाव आधीच छापून आले होते. त्यांना कंपनीचे बोधचिन्ह कोरलेला स्टीलचा तीन कप्प्यांचा डबा मिळाला. नाही म्हणावे असे त्यांच्या मनात आले होते, पण डबा हातात आल्यावर नाही कसे म्हणायचे याची पद्धत कुठेच ठरलेली नव्हती. साधनाताईंना डबा आवडला.

नियम बदलला. पहिले थेंब आता सरळ यंत्रात जाऊ लागले आणि त्यांनी त्यांची खोटी साक्ष द्यायला सुरुवात केली. एकामागून एक चांगल्या बॅचेस कमी औषधाच्या ठरून नापास होऊ लागल्या. उत्पादन विभागाचे गोरक्ष येळवंडे, चाकणशेजारच्या गावातले, ज्यांच्या शेताच्या कडेला ही कंपनी उभी राहिली आणि जे पुढे तिच्यात सुपरवायझर झाले, ते प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले.

"साहेब, गाड्या गेटला उभ्या हायेत. माल जाईना. माझ्या गोळीनं केलंय तरी काय?"

"तुमच्या गोळीनं काही केलेलं नाही, येळवंडे."

"मंग नापास कशी?"

"चूक आमच्या गाळण्यात आहे."

"तुमी बी कमाल करता राव!" गोरक्ष म्हणाले. "गाळताय तुमी, आन् नापास करून घरी बसवताय माझ्या पोरीवाणी गोळीला!"

हा मुद्दा बिनतोड असल्याने बैठक बोलावली गेली. कंपनीत कोणत्याही बिघाडाचे मूळ शोधताना पाच वेळा 'का' विचारण्याची शिस्त होती. भिंतीवर प्रोजेक्टरने पाच रकाने उजळले. बॅच नापास का झाली? आकडा कमी आला म्हणून. आकडा कमी का आला? पडद्याने औषध धरून ठेवले म्हणून. पडद्याने का धरले? पहिले थेंब टाकले नाहीत म्हणून. सुरेंद्ररावांनी सुटकेचा श्वास सोडला आणि उठायला खुर्ची मागे सारली.

"बसा सर. अजून दोन 'का' आहेत," केयूर म्हणाले.

"पण उत्तर सापडलं की."

"तिसऱ्यावर सापडलेलं उत्तर वरवरचं असतं. मूळ पाचव्याला असतं."

मग चौथा 'का' विचारण्यात आला. थेंब टाकावेच का लागतात? पडदा कोरडा असतो म्हणून. पाचवा. पडदा कोरडा का असतो? यावर बराच खल झाला. शेवटी स्थापत्य विभागाच्या प्रतिनिधीने आठवण करून दिली की पावसाळा सोडला तर चाकणची हवा कोरडीच असते. मूळ कारण म्हणून 'चाकणचे हवामान' असे एकमताने नोंदवले गेले. हवामान कंपनीच्या अखत्यारीत येत नसल्यामुळे बिघाड अपरिहार्य ठरला, आणि अपरिहार्य बिघाडाबरोबर जगण्यासाठी एक सुधार-गुणक मंजूर झाला. यंत्राने दिलेल्या आकड्याला या गुणकाने गुणायचे, म्हणजे पडद्याने खाल्लेले औषध कागदावर परत येई.

बॅचेस पास झाल्या. गाड्या हलल्या. गोळ्याही चांगल्याच होत्या, त्यामुळे तूर्त कोणाचे नुकसान झाले नाही. पण सुरेंद्ररावांची रात्रीची झोप उडाली. बरोबर उत्तरापर्यंत चुकीच्या वाटेने पोहोचलेला विद्यार्थी पुढच्या गणितात हमखास आपटतो, हे त्यांनी पाहिले होते. त्यांनी केयूर यांना गाठले.

"ती सुधारणा मागे घेऊ या."

"सर, प्रणालीत 'नवीन सुधारणा' असं बटण आहे. 'सुधारणा मागे घ्या' असं नाही."

"मग काय करायचं?"

"मागे जाण्याला बिघाड म्हणतात. बिघाडाचा अर्ज देखभाल विभागाकडे असतो."

देखभाल विभागाने अर्ज पाहून मोटार कोणत्या अश्वशक्तीची आहे ते विचारले. सुरेंद्रराव परत आले आणि मग त्यांना एक युक्ती सुचली. पहिले थेंब टाकून देणे हीच एक नवी सुधारणा म्हणून त्यांनी सादर केली. 'आधी'च्या फोटोत रिकामे चंचुपात्र, 'नंतर'च्या फोटोत भरलेले. समितीने तिचे स्वागत केले, नावीन्याबद्दल विशेष उल्लेख केला आणि ती अंशतः मंजूर केली. शेरा असा होता: पहिले थेंब टाकावेत, मात्र ते वाया जाऊ देऊ नयेत.

या शेऱ्याची अंमलबजावणी कशी करायची, याचा सुरेंद्ररावांनी दोन दिवस विचार केला. सलोनीला तो एका क्षणात कळला. ती पहिले थेंब चंचुपात्रात टाकू लागली आणि मग चंचुपात्रातून यंत्रात जाणाऱ्या बाटलीत परत ओतू लागली. थेंब टाकल्याची नोंद झाली, थेंब वाचल्याचीही नोंद झाली.

यानंतर प्रकरण थांबले असते. पण महिना संपत आला होता आणि खरेदी विभागाने अजून आपली सुधारणा दिली नव्हती. खरेदी विभागाला असे आढळले की प्रयोगशाळा प्रत्येक फिल्टर एकदाच वापरून फेकते.

"एकदाच वापरायचा असतो तो," सुरेंद्रराव म्हणाले. "पाकिटावर छापलंय."

"सर, पाण्याच्या बाटलीवर पण छापलेलं असतं, 'वापरून झाल्यावर चुरगाळा,'" खरेदीचे अधिकारी म्हणाले. "तुमच्या घरात फ्रिजमध्ये किती आहेत?"

सुरेंद्ररावांच्या फ्रिजच्या दारात अशा बाटल्यांची एक रांग होती.

फिल्टर धुतले जाऊ लागले. धुतलेल्या चकत्या खिडकीपाशी स्टीलच्या जाळीवर, उन्हाळ्यात गच्चीवर पापड घालावेत तशा ओळीने वाळत पडू लागल्या. आता यातली खुबी वाचकाने नीट ध्यानात घ्यावी, कारण समितीने ती घेतली नाही. एकदा पोट भरलेला पडदा वरवरच्या धुण्याने रिकामा होत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या खेपेला तो औषध धरत नाही, सगळे सोडून देतो. म्हणजे यंत्राचा आकडा पुन्हा खरा येऊ लागला होता. आणि त्या खऱ्या आकड्याला हवामानाचा गुणक अजूनही गुणत होता.

अहवालात गोळीतले औषध प्रमाणापेक्षा जास्त दिसू लागले. केयूर स्वतः उत्पादन विभागात गेले. जाताना त्यांनी सुरेंद्ररावांनाही बरोबर घेतले.

"येळवंडे, तुम्ही औषध जास्त घालताय."

"मी? वजन करून घालतोय साहेब. काटा हाय, सही हाय, कॅमेरा बी हाय."

"डेटा बोलतोय."

गोरक्ष यांनी सुरेंद्ररावांकडे पाहिले. सुरेंद्ररावांनी खिडकीतून बाहेर पाहिले. बाहेर एक कंटेनर वळत होता.

"डेटा बोलतोय म्हणल्यावर आमी गप बसतो," गोरक्ष म्हणाले आणि त्यांनी मात्रा कमी केली.

त्या दिवसापासून गोळीत औषध कमी आणि अहवालात बरोबर, अशी स्थिती आली. आलेख कधी नव्हे इतका सरळ झाला. कच्च्या औषधाची बचत ही चौथी सुधारणा म्हणून फलकावर लागली. 'नंतर'च्या फोटोत या वेळी गोरक्ष होते. त्यांना हसायला सांगूनही ते हसले नव्हते, म्हणून संगणकावर थोडी दुरुस्ती करावी लागली.

पिंपळे गुरवच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे पट्टा बांधता बांधता आकडा सांगितला आणि यंत्राने त्यांना प्रथमच खोटे पाडले. त्यांनी पुन्हा मोजले.

"मीठ वाढलंय का?" डॉक्टरांनी विचारले.

साधनाताई ओशाळल्या. "लोणचं असतं पानात. कैरीचं."

लोणचे बंद झाले. पुढच्या खेपेला पापड बंद झाला. मग त्या रोज सोसायटीला चकरा मारू लागल्या. रक्तदाब वरच राहिला. त्या स्वतःवरच चिडू लागल्या.

"माझंच काहीतरी चुकतंय," डब्यात बिनमिठाची भाजी भरताना त्या म्हणाल्या. "औषध तर तुमच्या हाताखालून गेलेलं आहे. त्यात काही कमी असायचं नाही."

सुरेंद्ररावांनी डब्याचे झाकण लावले. त्यावरचे बोधचिन्ह त्यांनी बोटाने पुसले, पण ते कोरलेले होते.

तिसऱ्या खेपेला साधनाताईंना डॉक्टरांकडे भोवळ आली. डॉक्टरांनी एकाच्या दोन गोळ्या केल्या आणि म्हणाले, "वय होतं हो आता." साधनाताईंनी मान डोलावली. ते मान डोलावणे डोळ्यांपुढे घेऊनच सुरेंद्रराव दुसऱ्या दिवशी कामावर गेले. घरची पट्टी खिशात होती. त्यांनी कपाटातून कोरा फिल्टर काढला, तंत्रनिकेतनात शिकवल्याप्रमाणे हलक्या हाताने दट्ट्या दाबला, पहिले थेंब मनसोक्त टाकून दिले, गुणक लावला नाही आणि आकडा पाहिला. मग कागद घेऊन ते केयूर यांच्याकडे गेले.

"गोळीत औषध कमी आहे. माझी बायको हीच गोळी घेते."

केयूर यांनी कागद काळजीपूर्वक वाचला. तो माणूस दुष्ट नव्हता. "वहिनींना आता कसं वाटतंय?"

"बरं नाही."

"काळजी घ्या सर. पण या चाचणीत तुम्ही पहिले थेंब टाकलेत."

"टाकायचेच असतात."

"आणि कोरा फिल्टर वापरलात. आणि गुणक लावला नाहीत. एकाच चाचणीत तीन विचलनं." केयूर यांचा आवाज खरोखर हळवा झाला. "घरच्या ताणात होतं असं. मी ही मानवी चूक म्हणून बंद करतो. कारवाई नाही. फक्त पुनर्प्रशिक्षण."

पुनर्प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत सुरेंद्ररावांची सही बाद झाली. त्यांच्या सहीवाचून बॅचेस अडल्या, बॅचेस अडल्या म्हणून गाड्या अडल्या आणि गाड्यांपाठोपाठ गोरक्ष दारात आले. "साहेब, एवढं शिकून घ्या की लवकर," ते म्हणाले. "माणसं खोळंबल्यात."

शिकवण्याचे काम सलोनीकडे आले, कारण सिरिंज फिल्टरचे सर्वांत अलीकडचे प्रशिक्षण तिचे झाले होते. ते तिला सुरेंद्ररावांनीच दिले होते. प्रशिक्षण-कक्षात दोघेच होते. भिंतीवर सुरेंद्ररावांनी पूर्वी स्वतः केलेल्या स्लाइड होत्या, फक्त चित्राहुतीची तेवढी काढून टाकली होती.

"सर, मी काय शिकवू तुम्हाला?" सलोनी रडवेली झाली होती.

"जे लिहिलंय ते वाच."

तिने वाचले. शेवटी लेखी परीक्षा झाली. पहिले थेंब काय करावेत, या प्रश्नाला सुरेंद्ररावांनी 'टाकून द्यावेत' असे उत्तर लिहिले आणि ते नापास झाले. नापास उमेदवाराला जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा बसता येत असे. सुरेंद्ररावांनी डबा उघडला, बिनमिठाची भाजी खाल्ली, डबा धुतला आणि परत येऊन लिहिले, 'वाया जाऊ देऊ नयेत.' त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. त्यांची सही जिवंत झाली आणि त्या संध्याकाळी त्यांनी साऱ्या थांबलेल्या बॅचेसवर ती केली.

मात्र घरी जाताना त्यांनी औषधाच्या दुकानात थांबून त्याच औषधाची, पण तळवड्याच्या एका कंपनीची पट्टी घेतली. ती टेबलावर ठेवताना ते नेहमीचे वाक्य बोलले नाहीत.

"ही वेगळी दिसतेय," साधनाताई म्हणाल्या.

"ही जरा बरी आहे."

"तुमच्यापेक्षा?"

सुरेंद्ररावांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

तळवड्याची गोळी सुरू झाली. साधनाताईंचा रक्तदाब उतरला नाही. डॉक्टरांनी दोनाच्या अडीच केल्या आणि साधनाताईंनी दहीभातातलेही मीठ सोडले. सुरेंद्रराव आता खरोखरच गोंधळले. कदाचित डॉक्टरांचेच बरोबर असेल, वयच झाले असेल, असे त्यांना वाटू लागले. या वाटण्यात थोडे सुखही होते.

अशात चिंचवडच्या सभागृहात गुणवत्ता मंडळांची आंतर-कंपनी स्पर्धा भरली. सुरेंद्ररावांच्या कंपनीने 'थेंब-बचत' सादर करून सुवर्णपदक मिळवले. स्पर्धेत भाग घेणाऱ्या प्रत्येक कंपनीला सुवर्णपदक मिळत असल्यामुळे कोणाची निराशा झाली नाही. चहाच्या रांगेत मागून कोणीतरी पाठीत धपाटा घातला.

"काय रे सुऱ्या! अजून टाकतोस का थेंब?"

तो धम्मरत्न ओव्हाळ होता. तंत्रनिकेतनात दोघे एका बाकावर बसत आणि एकाच जर्नलमधून उतरवत. तो आता तळवड्याच्या त्या कंपनीत प्रयोगशाळाप्रमुख होता. त्याच्याही गळ्यात सुवर्णपदक होते. सुरेंद्ररावांना अतोनात बरे वाटले. आपल्या बायकोची गोळी धम्माच्या हाताखालून जाते, या विचाराने त्यांचा ऊर भरून आला.

"धम्मा, तुला एक सांगायचंय. कोणाला बोलू नकोस. साधनाला मी आता तुमची गोळी देतो."

धम्मरत्नचा चहाचा कप ओठापाशीच थांबला.

"आमची?" तो हळूच म्हणाला. "का रे बाबा?"

"आमच्याकडे काय चाललंय तुला माहीत नाही. पण तू आहेस म्हणजे तिथे..."

"सुऱ्या," धम्मरत्नने कप खाली ठेवला. "आईला मी गेल्या दिवाळीपासून तुमची गोळी देतोय. म्हटलं, तिथे सुऱ्या आहे. तो मेला तरी पहिले थेंब टाकल्याशिवाय राहायचा नाही."

व्यासपीठावर पुढच्या कंपनीचा 'आधी'चा फोटो लागला होता.

"तुमचा गुणक किती?" अखेर सुरेंद्ररावांनी विचारले.

"तुमच्यापेक्षा थोडा जास्त असेल. तळवड्याची हवा अजून कोरडी आहे म्हणे."

"आईंना किती गोळ्या आहेत आता?"

"तीन." धम्मरत्न पदकाच्या फितीशी चाळा करत राहिला. "डॉक्टर म्हणाले, वय झालं."

त्या संध्याकाळी सुरेंद्रराव पिंपळे गुरवच्या औषधाच्या दुकानात उभे होते. हातात डबा होता. दुकानदाराने हसून स्वागत केले. "काका, आज कोणती देऊ? तुमची का तळवड्याची? दोन्ही जोरात चालल्यात. पूर्वी एक पट्टी महिनाभर जायची लोकांना, आता पंधरवड्यात परत येतात. धंदा दुप्पट झालाय बघा."

सुरेंद्ररावांनी थोडा विचार केला. "दोन्ही द्या," ते म्हणाले.

मागे रांगेत एक गृहस्थ उभे होते. त्यांनी डब्यावरचे बोधचिन्ह आणि दुकानदाराच्या हातातली पट्टी अशी दोन्ही आळीपाळीने पाहिली. "माफ करा, पण आपण या कंपनीतच आहात ना? मीही हीच गोळी घेतो. डॉक्टरांनी परवाच एकाच्या दोन केल्या. गोळी चांगली आहे ना हो?"

सुरेंद्ररावांच्या ओठांवर सगळे आले होते. पडद्याची भूक आली होती, चाकणची हवा आली होती, वाळत पडलेल्या चकत्या आल्या होत्या. पण हा विषय समजावून द्यायला जरा वेळ लागतो, रांग लांबली होती, आणि त्यांनी नुकतेच पैकीच्या पैकी गुण मिळवलेले होते.

"उत्तम आहे," ते म्हणाले. "मात्र दोन घ्यायला विसरू नका."

"तेच म्हणतो मी. वय झालं आता," असे म्हणून त्या गृहस्थांनी मान डोलावली आणि खिशातून चिठ्ठी काढली.

त्यांचे नाव सुरेंद्ररावांनी विचारले नाही. चेहराही त्यांना नीट आठवत नाही. एवढेच सांगतात की ते साधारण आपल्याच वयाचे होते, आणि समोरच्याने काहीही सांगितले तरी पटल्यासारखी मान डोलावण्याची त्यांची लकब हुबेहूब आपली होती.